अभ्रकाखालची चुंबळ

म्हसावदच्या कुंभारआळीत चाक धुडकूचं होतं आणि कान कौसाबाईचा.

बाईमाणसानं चाकाला हात लावायचा नाही, ही कुंभाराघरची रीत. म्हणून प्रकाशा गावाहून धुडकूशी लग्न होऊन आली तेव्हापासून कौसाबाईनं माती तुडवली, लीद चाळली, मडकी भाजायचा आवा रचला, पण चाकावर कधी बसली नाही. तिचं खरं काम आवा थंड झाल्यावर सुरू व्हायचं. राखेतून मडकं उचलायचं, डाव्या तळव्यावर तोलायचं आणि उजव्या हाताचं बोट वाकवून एक टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडे. भसाडं वाजलं तर डावीकडे. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. शेजारणीशी सुनांच्या गप्पा चालू, आणि हाताखालून शंभर मडकी निवडून झालेली.

नवी नवरी होती तेव्हा धुडकूला हे झेपायचं नाही. एकदा त्यानं डावीकडच्या ढिगातून घागर उचलली, उन्हात फिरवफिरव फिरवली आणि म्हणाला, "कथं शे चीर? दखाड मले."

"दखाडाले काय? पानी भर."

संध्याकाळी घागरीच्या पोटावर केसाएवढी ओली रेघ उमटली आणि रात्रीपर्यंत घागर अर्धी झाली. तेव्हापासून धुडकूनं वाद सोडला. बाजारात मात्र मिशीवरून हात फिरवून सांगायचा, "मन्हं मडकं कधी गयाव नही!" कौसाबाई पाटीआड हसायची. नाव त्याचं होईना का, चूल तर एकच होती.

ही गोष्ट घडली तेव्हा कौसाबाईचे केस अर्धे पिकले होते. साल पस्तीस-छत्तीसचं असेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घराघरात पितरांच्या नावानं कोरी घागर भरून पुजतात. त्यामुळे त्या आठवड्यात कुंभाराला श्वास घ्यायची सवड नसते. कौसाबाई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरत होती. फिरत फिरत ती पेठेतल्या हस्तीमल शेठजींच्या ओसरीवर आली.

हस्तीमलच्या घराचं सारं चालायचं ते त्याच्या आईच्या, तीजाबाईच्या मर्जीनं. बाई मारवाडातून इथं आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. बोलणं अर्धं मारवाडी, अर्धं अहिराणी, पण दरारा दोन्ही भाषांत पुरेपूर. तिनं पाटीतून दोन घागरी काढल्या आणि टिचकी मारून बघू लागली.

"सेठानी, मी वाजाडेल शेतस त्या," कौसाबाई म्हणाली.

"थू वाजाड्या, थारे कानाले कळ्या. म्हारे कानाले कुन सांगै?"

तेवढ्यात आतल्या खोलीत कोणी बाई गायला लागली. आवाज गोड होता, उंच होता. पण बाईनं सूर वर चढवला की तिच्या मागून दुसरंच काही तरी ओरडायचं, भर्रर्र करून, जसं टिनाच्या डब्यात भुंगा अडकलाय. कौसाबाई पदरानं घाम पुसत होती. तिनं मान न वळवता सांगून टाकलं, "ते चिरेल शे. डावीकडे ठी द्या."

पायरीवर बसलेला लोटन पोट धरून हसला. लोटन म्हणजे शेठजींचा गाडीवान. बैलांशी कमी आणि माणसांशी जास्त बोलणारा.

"कौसामाय, ते मडकं नही वं! फोनो शे फोनो. ताटलीमान्ही बाई गास."

"मंग बाई बी चिरेल शे," कौसाबाई म्हणाली.

फोनो सुनेचा होता. रूपकंवर तिचं नाव, वय सतराच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा बापानं लाकडी पेटीचा, पितळी कर्ण्याचा फोनो बरोबर दिला आणि मारवाडी गाण्यांच्या चार तबकड्या. माहेर इतकं लांब, की नंदुरबारला गाडीत बसलं तर सुरत, अहमदाबाद करत तिसऱ्या दिवशी पोचायचं. आखाजीला गावातल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी यायच्या, ही मात्र जायची नाही. तिचं बोलणं ऐकून विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. तेव्हा दुपारी जेवणं उरकली की ही दार ओढून घ्यायची, चावी भरायची आणि आपल्या मुलखाचं बोलणं तासभर ऐकत बसायची. माहेर म्हणून तिच्याजवळ होतं ते एवढंच.

पंधरा दिवसांपासून त्या माहेराला भुंगा लागला होता. आणि तीजाबाईनं ठरवून टाकलं होतं, सणाच्या दिवशी घरात रडणारं यंत्र नको. दुसऱ्या दिवशी पहाटे लोटनची गाडी नंदुरबारला जाणार होती. फोनो त्याच गाडीत जाणार होता. तिथं स्टेशनाजवळच्या एका चहावाल्यानं तो कधीपासून मागून ठेवला होता.

"माय, त्यामा भूत शे," लोटननं आवाज खाली आणून सांगितलं. "मी गाडीमा मन्हामांगे नही ठेवाव. पोतासना खाले ठेवसू."

"भूतले दुसरं घर नही भेटनं का? डबामा बसाले उनं!" कौसाबाई म्हणाली.

दाराआड बांगड्या वाजल्या. घुंघट काढलेली रूपकंवर उंबऱ्याशी उभी होती. दोन वर्षांत जेवढी अहिराणी जमली होती तेवढी गोळा करून तिनं विचारलं, "कौसामाय, बरं व्हई का?"

कौसाबाईनं तीजाबाईकडे पाहिलं. तीजाबाईनं हातातली घागर खाली ठेवली नाही, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"मी कुंभारीन शे बेटा, वैद नही," कौसाबाई म्हणाली. "पन आवाज मडकानाच शे. आठे लई ये. देखू."

दुकानातून हस्तीमलला बोलावलं. त्यानं फोनो उचलून ओसरीवरच्या चौरंगावर आणून ठेवला. मातीचे हात नकोत म्हणून कौसाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले. मग ती यंत्रासमोर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून घेतले.

"दुसरं गानं लाव."

रूपकंवरनं तबकडी बदलली. भुंगा तोच. तिसरी लावली. तोच.

"गानाना दोष नही," कौसाबाई म्हणाली.

"सुई मी कालदिनच बदली," हस्तीमलनं सांगितलं. घरातल्या बायांपुढे आपल्यालाही काही कळतं, हे दाखवायची त्याला घाई होती.

"आजून एक बदला, शेठजी. कालदिननं काल गयं."

नवी सुई बसवली. भर्रर्र चालूच. कौसाबाईनं मान तिरकी केली. हळूच हात पुढे केला आणि पेटीच्या कडेवर ठेवलेली सुयांची पितळी वाटी उचलली. लगेच आवाज थोडा निवळला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"निंघी गयं!" लोटन ओरडला.

"बस रे. एक चोर सापडना. घरमा दोन शेतस."

मग तिनं पोतं भिजवून आणायला सांगितलं. ओलं पोतं कर्ण्यावर गुंडाळलं. बाई एकदम विहिरीतून गायल्यासारखी गाऊ लागली, पण भुंगा होता तेवढाच राहिला.

"देखा, गानं दबनं, चोर नही दबना. चोर कर्नामा नही. त्याना आलीकडे शे." तिनं पोतं काढून लोटनच्या अंगावर टाकलं. "आते बंद कर बेटा."

सारं शांत झालं. कौसाबाईनं बोट वाकवलं आणि आव्यातल्या मडक्याला मारावी तशी टिचकी मारत निघाली. पेटीला मारली, खणखणीत. कर्ण्याच्या बुडाला मारली, खणखणीत. वाकड्या नळीला मारली, तीही चांगली. नळीच्या टोकाला जी गोल डबी असते, जिच्यात सुई बसते, तिथं नखानं हलकेच टिचकलं. भद.

"आठे शे."

खात्रीसाठी तिनं गाणं परत लावायला सांगितलं आणि त्या डबीच्या कडेवर अंगठा दाबून धरला. भुंगा मेला. बाईचा आवाजही गुदमरला, पण भुंगा मेला. अंगठा काढला, भुंगा जिवंत. दाबला, मेला. रूपकंवरनं घुंघट चार बोटं वर केला आणि वाकून बघायला लागली.

हस्तीमलनं घड्याळाचा बारीक पेचकस आणला. डबीचे तीन स्क्रू काढले. सुईच्या दांडीचा मधला इवलासा स्क्रू त्याच्या चिमटीत येईना, म्हणून तो रूपकंवरनं काढला. आत अभ्रकाची पातळ चकती होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिच्या दोन्ही बाजूंनी रबराची वेटोळी होती. रबर कसलं, चिकट लगदा झाला होता. फुगलेलं, लिबलिबीत, वरून सरकीचा कापूस चिकटलेला. चकती त्यात धड बसत नव्हती, धड सुटत नव्हती. सूर वर गेला की थडथड उडायची.

कौसाबाईनं बोट नाकाशी नेलं.

"एरंडानं तेल." तिनं लोटनकडे डोळे वळवले. "काय रे मुडद्या? चाकले वंगन देतस. गानारीना गयाले बी देतस का?"

"मी?" लोटन उठून उभाच राहिला. "बैलसनी आन! मी त्या डबाले हात बी नही लावा! मी भूतले भीस, माय!"

"मंग काय तेल चालत उनं?"

कौसाबाईची नजर फिरत फिरत तीजाबाईवर गेली. तीजाबाईच्या हातातली घागर कधीची तशीच होती. तिला टिचकी मारायला वाकवलेलं बोट हवेतच राहिलं होतं. कौसाबाईला कळलं. तीस वर्षं दारोदार फिरलेल्या बाईला कुठं थांबायचं तेही कळतं. ती म्हणाली, "जाऊ द्या. तेल कोनी बी टाकेल असो, पुसनं आपलेच शे. फडकं लया."

"लोटनले मत बोल," तीजाबाई म्हणाली. आवाज नेहमीचाच, हुकमाचा. "मी टाकं."

हस्तीमलच्या हातून पेचकस खाली पडला.

"आखाजीना झोकास्नी कड्यासले तेल देई ऱ्हायंती. एरंडेल हातमा व्हतं. बींदणी, म्हारी सून, रोज दुपारे हिले गावाडस. मी म्हटलं, एवढ्या उन्हाळामा गानारीना गया सुकी जाई. दोन थेंब टाका तिले बी." ती जरा थांबली. "चार टाका व्हतीन. दुसरा दिवसपाईन ती रडाले लागनी. आते म्हारे हातनं झायं, हाई मी कोनले सांगू? म्हटलं, जाऊ दे घरमातून."

आणि मग घुंघटाखालून हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना तसं. रूपकंवर भिंतीला टेकून हसत होती. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. दोन वर्षांत या घरानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिला वाटत होतं सासूला तिचं गाणं खुपतं, म्हणून ही फोनो घराबाहेर काढतेय. आणि सासूनं तर ताटलीतल्या बाईच्या घशाची काळजी केली होती, आपल्या लेकीला सुंठ-गूळ द्यावा तशी.

"हस, हस," तीजाबाई म्हणाली. "म्हारा नाव मारवाडलगून सांग." पण तिच्याही ओठाचा कोपरा हलला.

आता प्रश्न होता रबराचा. कौसाबाईनं अभ्रक उजेडात धरून, फिरवून पाहिलं. चकतीला चीर नव्हती.

"बाई बरी शे," ती म्हणाली. "तिनी चुंबय बिघडी गयी. मडकं काय उघडा डोकावर ठेवतस? खाले चुंबय लागस. कवळी, मऊ बी पाहिजे आन् घट्ट बी. नही तं मडकं डुगडुग करस."

चुंबळ म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. आधी तिनं सुताचा जाड दोरा मेणात बुडवून दोन वेटोळी केली. बसवून पाहिलं. भुंगा गेला, पण बाई पडसं झाल्यासारखी नाकातून गायला लागली.

"घट्ट झायी. कवळी पाहिजे."

लोटननं चामड्याची वादी आणली, ती जाड. तीजाबाईनं जुन्या लुगड्याची किनार फाडून दिली, ती सैल. ऊन ओसरीवरून उतरत अंगणात गेलं. रूपकंवर प्रत्येक वेळी तबकडी लावत होती आणि कौसाबाईच्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि तबकड्या कागदात गुंडाळायला घेतल्या. पहाटे गाडी जाणार, बांधाबांध तर करायलाच हवी होती.

ते बघून हस्तीमलला काय झालं कोण जाणे. तो उठला. ओसरीच्या टोकाला त्याची सायकल उभी होती. गावात दोनच सायकली होत्या, एक टपालवाल्याची, एक याची. जिवापाड जपायचा. सीटखालच्या चामडी पिशवीतून त्यानं कागदाची पुडी काढली. चाकात हवा कोंडून ठेवणाऱ्या वॉल्व्हला जी बारीक रबरी नळी लागते, तिचा दोन विती तुकडा त्यात होता. उन्हाळ्यात ती नळी वितळते, म्हणून त्यानं नंदुरबारहून जास्तीची आणून ठेवली होती.

"हाई देखा," तो कौसाबाईसमोर पुडी ठेवत म्हणाला.

तीजाबाई म्हणाली, "आन् थारी सायकल बसनी तं?"

"तं पायी जासू, माँजी."

कौसाबाईनं नळी चिमटीत दाबली. दबली, आणि सोडल्यावर परत फुगली. तिनं अंगठ्यानं दोनदा-तीनदा दाबून पाहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर आवा चांगला उतरल्यावर येतं तसं काही तरी आलं. "हाई शे. हाई चुंबय शे."

डबीचं पोट कोरड्या फडक्यानं पुसलं, राख लावून तेल उतरवलं, परत पुसलं. नळीची दोन वेटोळी कापली, टोकाला टोक भिडवली. मध्ये अभ्रक. वरून कडं. स्क्रू रूपकंवरनंच आवळले, आणि प्रत्येक वेढ्याला कौसाबाई नखानं टिचकी मारत होती.

"आजून. आजून थोडा. बस. नही, तो दुसरा ढिला शे. बस."

शेवटची टिचकी मारली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. कौसाबाईनं डबी उचलून उजव्या हाताला ठेवली.

रूपकंवरनं ती नळीला परत बसवली. तबकडी फिरली. सुई टेकली. बाई गायला लागली, सूर चढत गेला, वर, आणखी वर, आणि सगळे श्वास धरून मागून येणाऱ्या भुंग्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. तबकडीची थोडी खरखर होती, वाळूवरून पाणी जावं तशी. तेवढी कौसाबाईनं चालवून घेतली.

"लोटन," तीजाबाई म्हणाली, "पहाटे गाडीमा फक्त पोता टाकजो."

"हाव, सेठानी," लोटन म्हणाला. मग हळूच, "बरं झायं. मन्हामांगे भूत नही बसाव."

रूपकंवर पुढे आली आणि कौसाबाईच्या पायाशी वाकली. कौसाबाईनं चटका बसल्यासारखे पाय लुगड्यात ओढून घेतले. "अय माय, हाई काय? शेठजीनी सून तू. मी मडका इकनारी."

"पडू दे पाया," तीजाबाई म्हणाली. "मी सांगस. मन्हावर बी तुन्हा उपकार शे. पहाटे ती चहावालाकडे जाती तं मन्हा हातना डाग जनमभर ऱ्हाता." असं बोलायची त्या बाईला सवय नव्हती, म्हणून ते तिनं भांडण काढल्यासारखं बोलून टाकलं. "सांग, काय देऊ तुले? लुगडं सांग, धान्य सांग. घागरीनं जे शे ते येगळं."

कौसाबाई गोंधळली. मडकं चांगलं निघालं म्हणून आजवर कोणी तिचे आभार मानले नव्हते. ती टिचकी मारते, आणि मडकं धुडकूच्या नावावर जातं. कान कोणाला दिसत नाही. आज एक सोन्याच्या बांगड्यांचा हात तिच्या पायाशी आला होता, आणि जिचा शब्द पेठेत खाली पडत नाही ती बाई तोंडानं उपकार म्हणत होती. तिला वाटलं देवानं दिलेलं काही आपल्याजवळ होतं, आणि ते देवाला आज आठवलं. पण असलं बोलून दाखवणारी ती नव्हती. तिनं पाटी जवळ ओढली, चुंबळ शोधली, डोक्यावर ठेवली, परत काढली.

"काही नको," ती म्हणाली. "पन सेठानी, दुपारपाईन मी नुसता खोट ऐकी ऱ्हायनू. गानं ऐकंच नही. एक डाव पुरं लावा ना."

चावी तीजाबाईनं स्वतः भरली. कौसाबाई पायरीवर टेकली, लोटन तिच्याखालच्या पायरीवर. रूपकंवर उंबऱ्याच्या आत, पण घुंघट वरच राहिलेला, आणि कोणी तिला तो ओढायला सांगितलं नाही. बाई गायला लागली. गाणं मारवाडी, कौसाबाईला त्यातला एक शब्द कळेना.

"काय सांगस ती?" तिनं विचारलं.

"एक पोर शे," तीजाबाईनं सांगायला सुरुवात केली. "सासरना घरवर चढीसन वाट देखस. उंटवाला कोनी जाई ऱ्हायना, त्याले हाका मारस."

"मंग?"

"म्हनस, मन्हा बापना गावले जासी तं निरोप ली जाय. सांगजो, तुन्ही लेक, तुन्ही आंडेर बरी शे."

बाईनं पुढची ओळ घेतली. सूर सावकाश वर चढला, कुठंही न अडखळता. तीजाबाईचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

"पुढे?" कौसाबाई म्हणाली. "पुढे काय सांगस?"

"थांब माय," तीजाबाई म्हणाली. "चाळीस वरीस झायात. जरा ऐकू दे."